टायबेरियम, लोणार आणि एका काचेची साक्ष

संशोधनाचा विषय शोधताय? मग आधी एका गेमबद्दल बोलू. 1995 साली आलेल्या ‘कमांड अँड कॉन्कर’ या स्ट्रॅटेजी गेममध्ये इटलीतल्या टायबर नदीकाठी उल्का पडते आणि तिच्यासोबत टायबेरियम नावाचा हिरवा स्फटिक पृथ्वीवर येतो. तो जमिनीतली खनिजं शोषतो आणि पसरत जातो. हा पदार्थ योगायोगाने आला की कोणी मुद्दाम पाठवला, यावर चाहत्यांनी भरपूर तर्क लढवले. 2007 च्या भागात परग्रहवासी उतरले आणि तो त्यांनीच पेरला होता हे कळलं. विषय संपला! कारण उत्तर गेम लिहिणाऱ्याच्या हातात होतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं उत्तर मात्र कोणाच्याच हातात नव्हतं. साधारण 1.8 किलोमीटर रुंद गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. लोककथा सांगते की इथे विष्णूने लवणासुराला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ अभ्यासकांचा कल ज्वालामुखीकडे होता. त्यात वावगं काही नव्हतं. आमच्या निफाडला विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तोच बेसॉल्ट लोणारला आहे आणि तो लाव्हाचाच बनलेला आहे. पण हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि खड्ड्याची कड अजून ताजी दिसते. हे जुळत नव्हतं.

इथे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाला भेटायला हवं. ॲरिझोनातल्या अशाच खड्ड्यासाठी त्याने दोन गृहीतकं समोरासमोर ठेवली: उल्का की वाफेचा स्फोट? लोखंडी उल्का खाली गाडलेली असेल तर चुंबकसूची हलायला हवी, आणि कडेवरची माती खड्ड्यात मावून उरायला हवी. दोन्ही घडलं नाही. म्हणून 1896 च्या निबंधात त्याने वाफेच्या बाजूने कौल दिला आणि लोणारचाही दाखला दिला. पद्धत चोख होती, पण उत्तर चुकलं. का? आदळलेली वस्तू खाली शिल्लक असणारच, हे त्याने धरून चालला होता. प्रत्यक्षात एवढ्या वेगाने आदळणारा दगड बहुतांश वितळून, वाफ होऊन, तुकडे होऊन विखुरतो.

मग पुरावा कुठे शोधायचा? मार बसलेल्या दगडात. फेल्डस्पार या खनिजाला जवळपास तीन लाख वातावरणांइतका धक्का बसला, की स्फटिकाचा आकार तसाच राहतो आणि आतून त्याची काच होते. हिला मास्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली 1865 साली बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत. ज्वालामुखीला एवढा दाब जमत नाही. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांना हीच काच लोणारच्या बेसॉल्टमध्ये मिळाली. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि आघाताचा पुरावा पक्का झाला. गंमत बघा, परग्रही पदार्थाचा मोठा तुकडा हाती नसतानाच हा निकाल लागला. साक्ष दिली ती इथल्याच दगडाने.

सगळं संपलं असं मात्र समजू नका. 1997 मध्ये उष्मादीप्ती पद्धतीने खड्ड्याचं वय सुमारे 52 हजार वर्षं आलं, तर 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने 5 लाख 70 हजार. दहापटीहून जास्त फरक! दोन घड्याळं एकाच घटनेपासून सुरू झाली का, हा खरा प्रश्न आहे. कोणासाठी तरी तो पीएचडीचा विषय ठरू शकतो.

तर्क लढवायला चाहतेही हुशार असतात. फरक पुढच्या पायरीवर पडतो. म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक गृहीतकाखाली दोन ओळी लिहाच. हे खरं असेल तर काय सापडेल? आणि ते सापडलं नाही तर गृहीतक चुकलं, की आपण चुकीच्या जागी शोधतोय? गिल्बर्टने पहिली ओळ लिहिली होती. दुसरी राहिली.