औषध आणि त्याची रक्तातील साक्ष

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील प्रभावी औषध १९६० नंतरच्या दशकात मिलान येथील फार्मितालिया कंपनीच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले. ते हृदयस्नायूसही दुखावते, हे लवकरच आढळून आले. १९७९ साली फॉन हॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,०१८ रुग्णांच्या नोंदी तपासून, एकूण मात्रेबरोबर हा धोका वाढत जातो, असे दाखवून दिले. मात्रेस मर्यादा पडली खरी; तथापि इजा कोणास झाली, हे बहुधा हृदयाचे बळ ओसरल्यावरच कळे.

ही उणीव भरून काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पुढे मिलानमध्येच झाला. हृदयस्नायूच्या पेशींस इजा होताच ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते. कार्दिनाले व सहकाऱ्यांनी तीव्र मात्रेचा रसायनोपचार घेतलेल्या २०४ रुग्णांचे रक्त तपासले (२०००). ज्यांचे ट्रोपोनिन वाढले, त्यांचेच हृदय पुढे टिकाऊ स्वरूपात दुर्बळ झाल्याचे दिसले. २००६ साली ट्रोपोनिन वाढलेल्या ११४ रुग्णांपैकी ५६ जणांस एनालाप्रिल देण्यात आले. त्यांपैकी एकाचेही हृदय वर्षभरात लक्षणीय मंदावले नाही. उरलेल्या ५८ पैकी २५ जणांचे मंदावले.

निदान लक्षणांच्या आधी येऊन पोहोचले, हेच या इतिहासाचे सार होय.