तिखटाची पुडी

गेल्या हिवाळ्यात खोडाळ्याच्या एसटी थांब्यावर, नाशिकला शिकणाऱ्या एका मुलीने मला पर्समधली बोटभर लांबीची डबी दाखवली. पेपर स्प्रे. शेवटच्या गाडीने उतरल्यावर पाड्यापर्यंत तिला अंधारात चालावे लागते. शेजारी बसलेली आजी हसली. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाताना तिच्या कमरेला लाल तिखटाची पुडी असायची. दोघींचे हत्यार एकच, हे ध्यानात आले आणि मी त्या पुडीचा माग काढू लागले.

या फवाऱ्यात मिरी नसते, मिरचीचा तेलकट अर्क असतो. नावाचा हा घोटाळा जुना आहे. कोलंबस मसाल्यांच्या शोधात निघाला आणि अमेरिकेत हाती लागलेल्या तिखट फळाला युरोपात मिऱ्याचेच नाव चिकटले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते गोव्याला आले. आपणही मिरीच्या नात्यानेच त्याला मिरची म्हटले. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या चुलीला ती ठाऊक नव्हती.

मिरचीतला दाहक घटक म्हणजे कॅप्सेसिन. उष्णतेची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंनाच ते चेतवते, म्हणून प्रत्यक्षात काही भाजलेले नसताना शरीराला भाजल्यासारखे वाटते. डोळे आपोआप मिटतात, खोकला अनावर होतो. ते पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे नुसते तोंड धुऊन आग लगेच शमत नाही. मात्र वारा उलटा असेल तर पुडी काय नि फवारा काय, दोन्ही आपल्याच डोळ्यांत येतात.

स्वसंरक्षणाचा हक्क १८६०च्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्काराच्या इराद्याने हल्ला झाला, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो पोचतो. अट अशी की, सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही.

या अटीची दुसरी बाजू नागपुरात दिसली. अक्कू यादव या गुंडाची कस्तुरबा नगर वस्तीवर वर्षानुवर्षे दहशत होती. पोलीस दाद देत नाहीत, असे तिथल्या बायका सांगत. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले, तेव्हा जमावाने त्याच्या डोळ्यांत तिखट फेकले आणि त्याला भोसकून मारले. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले.

कायद्याच्या लेखी हे स्वसंरक्षण ठरणे कठीण. तो पोलिसांच्या ताब्यात होता. जमावाच्या न्यायाचे कौतुक मलाही करवत नाही. पण दाद मागायला वेळ होता तेव्हा ती मिळाली असती, तर बायकांवर घरातले तिखट न्यायालयात नेण्याची पाळी आली नसती. ‘वेळ होता का’ हे कायदा बाईला विचारतो. ‘दार उघडे होते का’ हे यंत्रणेला कोण विचारणार?

गाडी आली. नातीची डबी हातात घेऊन आजी म्हणाली, “तो डोळे चोळत बसंल, तवर पोर पळंल. पण पळून जाईल कुठं?”

पुडीपासून डबीपर्यंतच्या इतिहासात मला याचे उत्तर सापडलेले नाही.