मिओम्बो अरण्य आणि अग्नी

आजच्या झांबियाच्या उत्तरेस बेम्बा शेतकरी चितेमेने पद्धतीने नाचणी पिकवीत आले. वृक्षांच्या फांद्या छाटून, रचून जाळावयाच्या व राखेत बी पेरावयाचे. कोकणातील राबाशी या रीतीचे साम्य सहज ध्यानी येते. ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीस तीत अरण्यनाश आणि करवसुलीस गैरसोयीची विखुरलेली वस्ती, एवढेच दिसले. १९०६ मध्ये घातलेली बंदी १९०९ मध्ये उठवावी लागली. अरण्यनाशाचे अनुमान तर उतावीळच म्हटले पाहिजे. कारण ब्राकिस्टेजिया, ज्युलबर्नार्डिया आदी मिओम्बो वृक्ष मुख्यत्वे खुंटांच्या व मुळांच्या धुमाऱ्यांतून पुन्हा वाढतात. एन्डोला येथे १९३३ पासून चाललेल्या ज्वलनप्रयोगांचे निष्कर्ष ट्रॅपनेल यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. कोरड्या हंगामाच्या अखेरचा वणवा या वृक्षांस मारक ठरला. आरंभीचा सौम्य अग्नी त्यांनी सोसला. पूर्ण संरक्षित तुकड्यांत मात्र सदाहरित वनस्पतींनी शिरकाव केला.