रहस्यपट, मराठी

गुन्हा, ओळख वा मृत्यू यांविषयीचे गूढ आणि त्याच्या उकलीची उत्कंठा यांवर उभारलेला कथाचित्रपटाचा प्रकार.

उगम : इंग्रज दिग्दर्शक ॲल्फ्रेड हिचकॉक यांनी आकस्मिक धक्क्यापेक्षा उत्कंठेला महत्त्व दिले; पात्राला अज्ञात असलेला धोका प्रेक्षकाला आधी दाखविणे, हे त्यांचे मुख्य तंत्र (→ हिचकॉक, ॲल्फ्रेड). मराठीत राजा परांजपे दिग्दर्शित पाठलाग (१९६४) ही या प्रकारातील महत्त्वाची कृती. त्यावरून राज खोसला यांनी मेरा साया (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला (→ परांजपे, राजा).

वैशिष्ट्ये : पात्रांचे एकसारखे दिसणे, न्यायालयीन उलटतपासणी, छायाप्रकाशाचा विरोध आणि लांबविलेली उकल. वसंत जोगळेकर यांच्या हा खेळ सावल्यांचा (१९७६) या चित्रपटात भुताच्या भीतीमागे रहस्य गुंफले आहे.

महत्त्व : पुढील थरारपटांनी ही तंत्रे नव्या आशयासाठी वापरली. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या बिनधास्त (१९९९) या चित्रपटात रहस्य स्त्रीपात्रांभोवती फिरते. निखिल महाजन यांच्या पुणे ५२ (२०१३) मध्ये खासगी गुप्तहेराची कथा उदारीकरणानंतरच्या पुण्यात घडते. (→ थरारपट, गुप्तहेरकथा).