घोडा उत्तर देतो, शिकवत नाही

घोडेस्वारीच्या जगात एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. घोडाच खरा गुरू, हे ते मत. रिंगणाच्या मधोमध उभा राहून ओरडणारा प्रशिक्षक फार तर कसे पडू नये एवढे शिकवील. पुढची सूक्ष्म विद्या, विशेषतः ड्रेसाज, ज्याने त्याने घोड्याच्या पाठीवर बसून अंगानेच ओळखायची. असे म्हणणारे लोक उथळ नसतात. बहुधा ते घोड्यांवर जीव लावणारे असतात आणि वाईट शिक्षकांचा अनुभव घेऊन आलेले असतात. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा.

ड्रेसाज म्हणजे साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद रिंगणात घोड्याने मोजूनमापून चाललेल्या चाली. बघणाऱ्याला स्वार जवळजवळ काहीच करताना दिसत नाही, आणि दिसू नये हीच अपेक्षा असते. जी गोष्ट दिसतच नाही ती बाहेर उभा असलेला माणूस काय शिकवणार, असा पूर्वपक्षाचा पहिला प्रश्न. मांडीखालची पाठ उचलली गेली की दबली, लगामाच्या टोकाला तोंड मऊ आहे की ताठ, हे फक्त बसलेल्यालाच कळते. शिवाय घोडा खोटे बोलत नाही. चूक केली की तिथल्या तिथे तसे सांगतो. मग आधाराला थोर नाव काढले जाते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे १९३९ ते १९६५ या काळातले संचालक आलॉइस पोधायस्की यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘माझे गुरू घोडे’ अशा अर्थाचेच नाव दिले आहे. आपल्याकडचा कुणी असेल तर एकलव्यही काढतो.

एकलव्याचे आधी आटोपून घेऊ, कारण तो दाखला पूर्वपक्षालाच अडचणीत आणतो. बाण कुठे लागला हे धनुर्धराच्या डोळ्यांसमोर असते. चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे लक्ष्यच दाखवते, आणि पुढचा बाण त्याप्रमाणे सुधारता येतो. ड्रेसाजमध्ये जे साधायचे ते स्वाराच्या पाठीमागे आणि खाली घडत असते. मागचे पाय किती आत येताहेत हे त्याला मान वळवूनही दिसत नाही, आणि मान वळवली की मांड बिघडते. इथे मातीचा द्रोणाचार्य पुरत नाही.

आता खरा मुद्दा. घोडा खोटे बोलत नाही हे मान्य. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न आपण विचारला होता तोच असतो का? नव्या स्वाराला सांगितलेले असते की शिकलेला घोडा हाताला हलका लागतो. तो लगाम आवळतो. घोडा त्या दाबातून सुटण्यासाठी हनुवटी छातीकडे ओढून घेतो, आणि खरेच, हाताला काही वजनच लागत नाही. स्वार खूश होतो, हात सैल करतो. दाब सुटला तो क्षण घोड्याच्या लक्षात राहतो, कारण घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. दुसऱ्या दिवशी तो हनुवटी आणखी लवकर आत घेतो आणि स्वाराला वाटते, प्रगती झाली. जमिनीवर उभ्या माणसाला मात्र वेगळेच दिसते: नाकाची रेष उभ्या रेषेच्या मागे गेली आहे, मानेचा सर्वांत उंच भाग कानांमागे नसून मधेच कुठेतरी आहे, पाठ खचली आहे, मागचे पाय फरपटत येताहेत. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या नियमांनुसार कानांमागचा तो भाग सर्वांत वर आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे हवे. स्वार आणि घोडा दोघेही प्रामाणिक होते. दोघांनी मिळून चुकीची गोष्ट पक्की केली, आणि दोघांपैकी एकालाही ती चुकीची वाटली नाही.

अंगाला जाणवते ते खरे, हा विश्वासही असाच फसवा आहे. ज्याची डावी बाजू वर्षानुवर्षे खचलेली आहे त्याला शिक्षकाने सरळ बसवले की तो शपथेवर सांगतो, मी उजवीकडे कललो आहे. सवयीची वाकडी स्थिती शरीराला सरळ वाटू लागते. त्यात घोडाही जन्मतः सरळ नसतो. बहुतेक घोडे एका बाजूला सहज वळतात, दुसऱ्या बाजूला ताठर असतात, आणि चालता चालता स्वाराला आपल्या सोयीच्या बाजूला सरकवतात. स्वार नकळत तिथे बसायला शिकतो. म्हणजे या बाबतीत घोड्याने शिकवले हे अगदी खरे. पण शिकवला तो स्वतःचा वाकडेपणा. मोठमोठ्या रिंगणांच्या भिंतींवर आरसे लावलेले असतात ते शोभेसाठी नव्हेत. तीस तीस वर्षे घोड्यावर काढलेली माणसेही केवळ अंगाच्या साक्षीवर विसंबत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मग अंगाची जाण निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तिच्याशिवाय ड्रेसाज नाही. पण ती जाण उगवते कशी, हे पाहण्यासारखे आहे. चांगला शिक्षक एक साधा प्रकार करून घेतो. घोडा संथ चालतो आहे, स्वाराने डोळे मिटायचे, आणि मागचा डावा पाय जमिनीवरून उचलला जाईल तेव्हा ‘आता’ म्हणायचे. सुरुवातीला ते ‘आता’ हमखास चुकते. शिक्षक बाहेरून पाय पाहत स्वतः ‘आता, आता’ म्हणू लागतो. थोड्या वेळाने स्वाराच्या लक्षात येते की त्याच क्षणी आपल्या एका बाजूचा कंबरेचा सांधा किंचित खाली जातो आणि घोड्याचे पोट दुसरीकडे झुलते. हे झुलणे पहिल्या दिवसापासून होतच होते. घोडा ते प्रत्येक पावलाला सांगत होता. स्वाराला ते ऐकू आले बाहेरच्या डोळ्याने त्यावर बोट ठेवल्यावर. आणि हे कळण्यावर पुढचे पुष्कळ अवलंबून आहे, कारण स्वाराच्या पायाचा इशारा घोड्याचा मागचा पाय उचलला जाण्याच्या क्षणी मिळाला तरच तो पाय जास्त आत येऊ शकतो. पाय टेकलेला असताना दिलेला इशारा वाया जातो किंवा घोड्याला नुसता त्रास देतो. ज्याला पूर्वपक्ष न सांगता येणारी गोष्ट म्हणतो तिचा मोठा भाग असा सांगता येतो. शब्दांत नसेल, पण वेळेवर उच्चारलेल्या एका शब्दात नक्कीच.

पोधायस्कींच्या साक्षीकडे येऊ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नेरो या घोड्यावर कांस्यपदक मिळवणारा हा माणूस त्याआधीच घोडदळाचा अधिकारी होता, चांगला स्वार म्हणून ओळखला जात होता. १९३३ मध्ये त्याला व्हिएन्नाच्या स्कूलमध्ये पाठवले गेले तेव्हा पोलाक, झ्रुस्ट आणि लिंडेनबाउअर या जुन्या स्वारांच्या हाताखाली त्याची मांड नव्याने घडवली गेली, आणि हे ऋण त्याने कधी लपवले नाही. घोड्यांना गुरू म्हणण्याचा अधिकार त्याला या माणसांकडून मिळाला. पुस्तकाचे नाव लोक लक्षात ठेवतात, आणि ही अट विसरतात.

त्या स्कूलची रीत पाहिली तर पूर्वपक्षाचे मूळच हलते. तिथे नव्याने आलेला शिकाऊ स्वार आधी लंजवर, म्हणजे मध्ये उभ्या माणसाने लांब दोरीवर गोल फिरवलेल्या घोड्यावर बसतो. आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत घोड्याला कावा दिला जात असतो. रिकीब नाही, हातात लगाम नाही. घोडा सांभाळायचे काम दोरीवाल्याचे, स्वाराचे काम फक्त बसणे. पुढे त्याला शिकून मुरलेले लिपिझ्झानर घोडे मिळतात. अनेक वर्षांनी सहायक स्वार झाल्यावर त्याच्या ताब्यात कोरा तरुण घोडा दिला जातो, आणि तोही वरिष्ठाच्या नजरेखाली. जुना घोडा नव्या माणसाला घडवतो आणि जुना माणूस नव्या घोड्याला. इथे घोडा गुरू आहे, यात शंका नाही. पण त्या घोड्याला गुरुपद कुणी दिले? कुरणातला तरुण घोडा उत्साहाच्या भरात जागच्या जागी पाय उचलतो, पिआफची ती कच्ची सामग्री निसर्गाने दिलेली आहे. पण स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर तेच करणे त्याला कुणा माणसाने शिकवलेले असते, आणि त्या माणसाला आधीच्या कुणी. ही साखळी बहुतांशी तोंडी चालत आली आहे. युनेस्कोने २०११ मध्ये फ्रेंच परंपरेतल्या स्वारीला आणि २०१५ मध्ये व्हिएन्नाच्या या विद्येला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते त्यामुळेच शोभते.

ग्रंथ आहेत ना, असेही कुणी म्हणेल. आहेत, आणि उत्तम आहेत. पण ते कसे लिहिले गेले ते पाहा. या विषयावरचा आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचलेला सर्वांत जुना ग्रीक ग्रंथ झेनोफोनचा. तो आरंभीच आपल्या आधीच्या सायमनचे नाव घेतो. ला गेरिन्येरने १७३३ च्या ग्रंथात शोल्डर-इन हा व्यायाम मांडला, तो न्यूकॅसलच्या ड्यूकने वर्तुळावर करून घेतलेल्या कामाला सरळ रेषेवर आणून. आणि शोल्डर-इनचे वर्णन, आकृत्या जवळजवळ तीनशे वर्षे छापील उपलब्ध असूनही ते वाचून करणारा बहुतेक जण खांदे आत आणण्याऐवजी फक्त मान आत ओढतो. पुस्तक ‘मान नाही, खांदे’ असे लिहू शकते, पण नेमक्या त्या पावलाला ओरडू शकत नाही.

बोशेची गोष्ट याहून बोलकी. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ज्याच्यावरून दोन तट पडले होते त्या फ्रान्स्वा बोशेवर १८५५ मध्ये झुंबर कोसळले. जबर इजेनंतर त्याची पद्धत पालटली. हात आणि पाय एकाच वेळी वापरायचे नाहीत, असे त्याच्या उत्तरायुष्यातल्या शिकवणुकीचे सूत्र झाले. ती शिकवण आज सविस्तर ठाऊक आहे ती मुख्यतः शिष्यांमुळे. जनरल फावेरो द केरब्रेख यांचे पुस्तक १८९१ चे, म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतरचे. बोशेचा दुसरा शिष्य लोत हा गुरूचा कट्टर विरोधक दोर याच्याकडेही शिकला आणि पुढे सोम्यूरच्या घोडदळशाळेत प्रमुख स्वारीशिक्षक झाला. दोन्ही तटांतले ग्राह्य ते त्याने एकत्र आणू पाहिले. नुसत्या छापील वादातून हे घडले नसते.

इथे पूर्वपक्षाचा एक वार वर्मी लागतो, तो चुकवता येणार नाही. परंपरा बिघडतेही. जर्मन स्वारीगुरू स्टाइनब्रेख्टचे अपुरे लेखन ज्या शिष्याने प्रसिद्ध केले त्या प्लिन्झनरनेच पुढे घोड्याची मान फार खोल ओढून घेणारी पद्धत रूढ केली. तो कैसर दुसऱ्या विल्हेल्मचे घोडे तयार करत असे, आणि कैसरचा डावा हात अधू असल्याने ते एका हाताने आवरता यावे लागत. गुरूच्या पायाशी बसलेल्यानेच गुरूची शिकवण वाकवली. आजचे उदाहरण हवे तर २०२४ चे घ्या: ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेली शार्लट दुजार्दिन एका शिकवणीत घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारत असल्याची चित्रफीत बाहेर आली, तिने पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घेतली आणि महासंघाने तिला एक वर्षासाठी निलंबित केले. अनुभव आणि कीर्ती म्हणजे चांगले शिक्षण नव्हे, हे यातून निर्विवाद ठरते.

पण यातून शिक्षक नको असे निघत नाही. प्लिन्झनरची चूक घोड्यांनी दुरुस्त केली नाही. त्याच्या घोड्यांनी ती सहन केली. ती दुरुस्त केली स्टाइनब्रेख्टचा मूळ मार्ग जाणणाऱ्या इतर शिक्षकांनी, आणि १९१२ च्या जर्मन घोडदळाच्या नियमावलीत तोच मार्ग धरला गेला. चित्रफितीतल्या घोड्यानेही उत्तर स्पष्टच दिले असणार. त्याची दखल घेतली ती जमिनीवरच्या लोकांनी. वाईट शिक्षकावर उतारा दुसऱ्या शिक्षकाचा डोळा हा आहे, एकांत हा नाही.

आपल्या देशातले ताजे यश याच बाजूने साक्ष देते. हांगझो आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या ड्रेसाज संघाने २०९.२०५ गुणांनी सुवर्ण मिळवले. घोडेस्वारीतले सुवर्ण ४१ वर्षांनी आले. संघात मुंबईचा हृदय छेडा होता, आणि वैयक्तिक कांस्य मिळवून पुढे पॅरिसला गेलेला कोलकात्याचा अनुष अग्रवाला होता. अनुष किशोरवयातच जर्मनीत पाडरबोर्नला हुबर्टस श्मिट यांच्याकडे शिकायला गेला होता. श्मिट स्वतः २००४ चे ऑलिंपिक संघसुवर्ण मिळवलेले. घोडे तर भारतातही होते. मग एवढ्या लांब जायचे कारण काय असावे?

यावर शेवटचा आक्षेप पैशाचा येतो, आणि तो रास्त आहे. पाडरबोर्न सगळ्यांना परवडणारे नाही. पण पुण्यामुंबईच्या अनेक रायडिंग क्लबांत घोडदळातून किंवा लष्कराच्या रिमाउंट (घोडे पुरवणाऱ्या) विभागातून निवृत्त झालेले दफेदार शिकवतात. त्यांतल्या काहींनी पिआफ कधी करून घेतला नसेल, त्याची पहिल्या वर्षात गरजही नाही. एक शांत घोडा, एक लांब दोरी, रिकिबी काढून वीस मिनिटे, आणि दोरी धरणाऱ्या दफेदारसाहेबांना एवढीच विनंती की नुसते ‘टाच खाली’ म्हणत राहू नका, मागचा पाय उचलला जाईल तेव्हा सांगा. जे शिक्षक हे सांगतात आणि काही आठवड्यांनी गप्प राहून तुम्हालाच सांगायला लावतात त्यांच्याकडे राहावे. ‘का’ विचारल्यावर जे चिडतात, किंवा दर वेळी स्वतःच घोड्यावर बसून दाखवतात आणि तुम्हाला खाली उभे ठेवतात, त्यांची फी कितीही कमी असली तरी दुसरा क्लब शोधावा.