पान गेलं, खर्रा राहिला

रामनवमीला लाखो बंजारा भाविक पोहरादेवीला येतात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे त्यांची काशी. इथं जगदंबेचं मंदिर आहे आणि १७३९ साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी. महाराजांची शिकवण नशेच्या विरोधातली. पलीकडे माहूरच्या रेणुकेचा प्रसाद मात्र कुटलेल्या पानाचा तांबूल! देवीच्या हातचा विडा व्यसनात कोण मोजणार?

वऱ्हाडात पान पिकतं. अंजनगाव सुर्जीच्या बारी समाजाचे पानमळे प्रसिद्धच आहेत. सुपारी मात्र कोकण-कर्नाटकातून यायची. अशी दूरची वाहतूक तेव्हा बैलांवर चालायची. मीठ नि धान्य बैलांवर लादून मुलूख पालथा घालणाऱ्या लमाण, म्हणजेच बंजारा, तांड्यांचं वर्णन सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएनं केलं आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि तांड्यांची वाहतूक ओसरत गेली.

पान चार दिवसांत नासतं, सुपारी नि तंबाखू टिकतात. व्यापाराला टिकणारा माल हवा असतो. म्हणून विड्यातलं पान हळूहळू गळालं. गुटख्याच्या पुडीत ते नाही, आणि विदर्भाच्या खर्ऱ्यातही नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटला की खर्रा तयार. तो विकणारा मात्र अजून पानठेलाच!

जुना विडा निर्दोष होता असं म्हणायची सोय नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठरते, जबडा उघडेनासा होतो, तिखट घास सोसत नाही. भारतात डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्येच या विकाराचं वर्णन केलं होतं. पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली.

महाराष्ट्रानं २००२ मध्ये गुटखा बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये ती परत आली, वर्षभरानं सुगंधी सुपारी नि तंबाखूही तिच्यात आले. पण २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २४ टक्क्यांहून अधिक प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. गुटख्याच्या पुडीवर नाव असतं, कारखाना असतो. छापा घालता येतो. खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनं त्याचा कागदही बेकायदा ठरवला, तरी घोटणं काही थांबलं नाही.