घाटउताराची वीज

तुडीलच्या माणसाला महाबळेश्वरला जायचे तर महाड, पोलादपूर करून आंबेनळी घाट चढावा लागतो. परतताना गाडी सुमारे १,३०० मीटर खाली उतरते. ‘ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा’, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते उगाच नाही. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की ते तापतात, जळका वास येऊ लागतो. माणसांसह दीड टन भरणारी गाडी एवढे खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती हिशेब केला तर पाच युनिट विजेएवढी भरते. साध्या गाडीत ती ब्रेकच्या उष्णतेत, इंजिन, टायर आणि हवेच्या रोधात विरून जाते.

ही ऊर्जा परत मिळवता येते. विद्युत मोटर चाक फिरवते. पण उतारावर चाकानेच मोटर फिरवली, तर तीच मोटर जनित्र होऊन वीज देते आणि चाकाला आवरही घालते. सह्याद्रीत रेल्वेने हे केव्हाच ओळखले होते. १९२९-३०च्या सुमारास पुणे आणि इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग विजेवर आला. बोर घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ. तिथल्या मालगाड्यांसाठी आणलेली, ‘खेकडा’ या नावाने ओळखली जाणारी इंजिने उतरताना वरच्या तारेत वीज परत सोडू शकत. त्या वेळी दुसरी गाडी घाट चढत असेल, तर ती तिच्या कामी येई.

रस्त्यावरच्या गाडीला मात्र वरून तार नसते. तिला वीज पोटातच साठवावी लागते. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० साली पेट्रोल इंजिनाने जनित्र फिरवून चाकांतल्या मोटरी चालवणारी हायब्रीड गाडी केली होती. पण बॅटऱ्या जड आणि पेट्रोल सोयीचे, त्यामुळे ती वाट जवळजवळ बुजली. १९९७ अखेर टोयोटाची प्रियस जपानमध्ये आली, तेव्हा ती पुन्हा खुली झाली. तिचा भर होता इंधनबचतीवर.

वेगवाल्यांना ही काटकसर पटली ती शर्यतीत. २००९पासून फॉर्म्युला वनमध्ये ब्रेक लावताना साठवलेली शक्ती वापरण्याची मुभा मिळाली. प्रत्येक फेरीत साडेसहा सेकंदांहून थोडा अधिक काळ सुमारे ८० अश्वशक्तीची जोड, एवढीच ती होती. २०१३ साली हे तंत्र घेऊन फेरारीची ‘लाफेरारी’ लोकांसमोर आली. तिच्या इंजिनाची ८०० आणि विद्युत मोटरची १६३ अश्वशक्ती. इंजिनाला जोर धरायला क्षणभर लागतो. मोटर तो तत्काळ देते आणि मधली फट बुजवते.

ऑक्टोबर २०२४मध्ये फेरारीने ‘एफ-८०’ जाहीर केली. गाड्या फक्त ७९९. तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, जोडीला तीन विद्युत मोटरी, मिळून १,२०० अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग २.१५ सेकंदांत. आता तिच्या बॅटरीची क्षमता पाहा: २.२८ युनिट. आंबेनळी उतरताना आपली साधी गाडी जेवढी ऊर्जा उधळते, त्याच्या निम्म्याहूनही कमी! ही बॅटरी म्हणजे पाण्याचा हंडा नव्हे, तांब्या आहे. वळणावळणाला भरायचा आणि लगेच ओतायचा. हंडा घेतला असता तर वजनाने वेगच मारला असता.

म्हणजे या महागड्या गाडीच्या मुळाशी आहे ती घाटातलीच काटकसर. मग तिचा खरा लाभ कुणाला व्हावा? भरलेली १५ टनांची बस आंबेनळी उतरते तेव्हा दीड टनाच्या गाडीच्या दहापट, म्हणजे पन्नासएक युनिट ऊर्जा मोकळी होते. सगळी हाती येणार नाही. पण निम्मी आली, तरी इंधन वाचेल आणि ब्रेकचा ताण हलका होईल. राज्य परिवहनची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागली. ७९९ धनिकांच्या गाड्या दोन सेकंदांत किती पळतात, याचे कौतुक जरूर करावे. पण रोज माणसांनी भरून घाट उतरणाऱ्या एसटीला या तंत्राची गरज त्याहून मोठी आहे.